बारदान वजा करून

अण्णा, पेपरात तुझ्या फोटोखाली 'मनमिळाऊ' असं छापलंय. कुणी लिहून दिलं कोण जाणे, मी तर नाही दिलं. मनमिळाऊ माणूस पेपरचं पहिलं पान कुणी आधी वाचलं म्हणून सकाळी सकाळी घर डोक्यावर घेत नाही. आणि घरात होतं तरी कोण? तू आणि मी. मग ते पान घेणार दुसरं कोण? 'गुळाचे जुने अडत व्यापारी' एवढं मात्र खरं लिहिलंय. फोटो जुना लावलाय, गोल गालांचा. ते बरं केलं. शेवटी शेवटी काढलेला लावला असता तर मार्केट यार्डातल्या निम्म्या लोकांनी ओळखलं नसतं.

तू दसऱ्याच्या तोंडावर गेलास आणि आता दिवाळी आली. भेटायला येणारे यायचे तेवढे येऊन गेले. शाळेतल्या बायका आल्या, बेळगावचे पाहुणे आले, समाजातले आले. सगळ्यांना चहा केला. सगळ्यांनी विचारलं, "आता तुम्ही एकट्याच?" व्हय बाबांनो, एकटीच. काय माणसं असतात बघ, डोळ्यांनी दिसतंय तरी विचारतात. आता कुणी येत नाही. पेपरचं पहिलं पान मलाच मिळतं, आणि वाचवत नाही.

तू असतास तर म्हणाला असतास, "मास्तरीणबाई, रडगाणं बास, मुद्द्यावर या." तर मुद्द्यावर येते.

वैनी गेली त्या वर्षापासून आपण दोघंच. मी लग्नाची राहिलेली, तू मागे राहिलेला. त्याच वर्षी मावशीनं निपाणीचं एक बिजवर स्थळ आणलं होतं, आठवतं? ते गृहस्थ सोप्यात बसून मला सोडून भिंतीकडेच बघत होते. लग्न झालं तर आपल्या वाट्याला किती खोल्या येतील याचा अंदाज घेत असावेत. तू आतून आलास, बंडी चढवत म्हणालास, "पावणं, च्या प्या आणि गाडी गाठा. आमची इंदी काय विकाय काढल्याली न्हाय." मावशी तुझ्याशी वर्षभर बोलली नाही. मी तुला नंतर विचारलं होतं, "माझ्यासाठी हाकललंस का तुला भाकरी कोण थापणार म्हणून?" तू म्हणालास, "दोन्हीसाठी." इतकं सरळ उत्तर दिलंस की पुढं भांडताच येईना. ते भांडण अजून शिल्लक आहे बघ.

आणि तुझा तो गुळाचा खेळ. दिवाळीच्या पाडव्याला नव्या गुळाचे सौदे निघाले की संध्याकाळी तू कागदात बांधून एक खडा आणायचास. हात धुवायच्या आधी माझ्या तळहातावर ठेवायचास. "खा. सांग, कुठला?" मी म्हणायची, कागलचा. तू कपाळाला हात लावायचास. "अगं, करवीर, करवीर! मास्तरीण हायस का कोण?" पुढच्या वर्षी मी करवीर म्हटलं की निघायचा राधानगरीकडचा. तू नुसत्या जिभेवर ओळखायचास, माळाचा ऊस का नदीकाठच्या मळीचा, पाण्याला फुगलेला का नीट पिकलेला. शिरोळकडच्या काही शिवारांतला तर डोळे मिटून. तिकडं पाणी देऊन देऊन जमिनी खारावल्या, गुळात मागून मीठ येतं म्हणायचास. "आधी गोड लागतंय, थांब जरा, आता बग, आलं का?" मला कधी आलं नाही. इतकी वर्षं मी एकदाही बरोबर सांगितलं नाही, आणि तू एकदाही विचारायचा थांबला नाहीस.

तुझं पोट कमी व्हायला लागलं तेव्हा मी खूश झाले होते. हे आता लिहायला नको वाटतं. पण खूशच होते. किती वर्षं मी ओरडत होते, अण्णा, फिरायला जा, रंकाळ्याला एक चक्कर मार. तू म्हणायचास, "व्यापाऱ्याला पोट पायजे, गिऱ्हाइकाला भरवसा वाटतो." आणि मग विजार सैल व्हायला लागली. गल्लीत लोक म्हणायला लागले, काय शिवाप्पाण्णा, बारीक झालासा, ब्येस दिसतंय की. मी नवी नाडी ओवून दिली. कौतुकानं! मग साखर निघाली, मग पाठ धरली, मग डोळे पिवळे झाले, आणि डॉक्टरांनी पोटाचा मोठा फोटो काढायला लावला. स्वादुपिंडाचा कॅन्सर. ऑपरेशनच्या पुढं गेलेला. तू बाहेर आल्यावर म्हणालास, "इंदे, हे स्वादुपिंड नेमकं असतंय कुठं?" मी शिक्षिका, पण मराठीची. मला तरी कुठं ठाऊक? दोघं दवाखान्याच्या पायरीवर बसून आपापल्या पोटावर हात ठेवून बघत होतो. येणारे जाणारे आपल्याकडे बघत होते.

केमो सुरू झाली. डॉक्टर तरुण होते, शांत. त्यांनी सांगितलं की औषधाचं माप माणसाच्या उंची-वजनावरून ठरतं. ते ऐकून तुझा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला. "म्हंजे हितंबी सगळं काट्यावरच चालतंय की!" पण तिथला तो लहानसा काटा तुला पटेना. पाय ठेवला की काटा थरथरायचा. डॉक्टरांच्या तोंडावर म्हणालास, "सायब, ह्यो काटा भाजीवाल्याचा. आमच्या दुकानात या, दाखवतो काटा कसला असतोय." ते हसले. मी लाजेनं मेले.

म्हणून मग आपली ती रीत पडली. डॉक्टरांचा काटा डॉक्टरांना, आपला आपल्याला. दवाखान्याच्या आदल्या दिवशी रिक्षा आधी मार्केट यार्डात. गुळाच्या ढेपांची, तुझ्या भाषेत रव्यांची, थप्पी बाजूला सारायची, मोठ्या काट्याच्या फळीवर एक पोतं अंथरायचं आणि तू त्यावर मांडी घालून बसायचास. म्हादू तोलाईदार, तुझ्या दुकानात तरणाचा म्हातारा झालेला, वजनं टाकायचा आणि साऱ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात वजन पुकारायचा. गुळाचं पुकारतो तसंच. मग तू म्हणायचास, "बारदान वजा कर." बारदान म्हणजे पोतं, विजार, सदरा आणि खिशातली पानाची चंची. म्हादू गंभीरपणे वजा करायचा. हमाल हसायचे. तूही हसायचास. मी रिक्षात बसून बघायची. माझा जीव त्या काट्याच्या जिभेवर टांगलेला असायचा. मला एकच कळत होतं, वजन टिकलं तर औषध चालू राहणार, औषध चालू राहिलं तर तू राहणार.

आणि वजन काही टिकेना. तुला ओकाऱ्या यायच्या. तोंडात फोड आले. आणि तुझी जीभ गेली, अण्णा. बाकी सगळं तू सोसलंस, त्याचं तुला काही वाटलं नाही, पण जीभ गेली ते तुला सोसलं नाही. सगळं लोखंडासारखं लागतंय म्हणायचास. मी आजऱ्याहून घनसाळ तांदूळ मागवला. तुझा आवडता, शिजताना गल्लीभर वास सुटणारा. तू स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलंस. "नको गं, वासानं मळमळतंय." तूप घातलं की पोट बिघडायचं. जेवणाबरोबर घ्यायच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या घ्यायच्या तर आधी जेवायला हवं ना! नाचणीची आंबील, मुगाचं कढण, दुधात भिजवलेली दशमी. वाटी घेऊन मी तुझ्या मागं, तू माझ्या पुढं. एकदा जयसिंगपूरचं भडंग हवं म्हणालास म्हणून मी मुद्दाम एसटीनं जाऊन आणलं. तू एक घास तोंडात टाकलास आणि फोडांना झोंबलं तसं डोळ्यांत पाणी आलं. पुडी माझ्या हातात परत देऊन म्हणालास, "तू खा, मी आवाज ऐकतो." मी तुझ्यासमोर बसून पुडी संपवली. इतकं दुःखी भडंग कुणी खाल्लं नसेल.

मग एका आठवड्यात वजन वाढलं.

म्हादूनं दोनदा तोललं. त्याचा आवाज असा चढला की शेजारच्या अडतीतले लोक बाहेर आले. दोन किलोवर वाढ, बारदान वजा करून! मी रिक्षातून उतरले, कोपऱ्यावरच्या दुकानातून पेढे आणले आणि साऱ्या दुकानाला वाटले. हमालांना, कारकुनाला, रिक्षावाल्याला. म्हादूनं तर पेढा काट्याला चिकटवला. तू फळीवर बसून होतास, पाय पोटाशी घेऊन. तुझ्या तोंडात मी पेढा कोंबला, तू तो गालात धरून ठेवलास. मला वाटलं, दमलाय. मी आपली आंबिलीचं, कढणाचं, माझ्याच हाताचं कौतुक सांगत सुटले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना मी वजनाचा आकडा असा सांगितला, जसा काही बोर्डाचा निकाल. त्यांनी तुला झोपवलं. नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. मी बघत राहिले, आता भरेल, मग भरेल. नाही भरला. मग त्यांनी दंड चिमटीत धरला, मांडी चाचपली. त्यांनी मला नीट समजावलं, घाईनं नाही. म्हणाले, "मॅडम, काटा सगळं एकत्रच मोजतो. हाड, मांस, चरबी, पाणी. यांच्या अंगातलं मांस चाललंय आणि पाणी साठलंय. वाढलंय ते पाणी. औषध सोसायचं ते मांसानं. मांस उतरलं की तेच माप माणसाला जड पडतं. तोंड आलंय, ताप येतोय, ते त्याच्यामुळंच असणार. आपण माप कमी करू आणि मध्ये थोडं थांबू."

मी भांडायला उभी राहिले. माप कमी केलं तर रोग हटणार कसा? वजन वाढलंय, तर माप वाढवायला पाहिजे ना? शाळेत पोरींना दरडावते तसा माझा आवाज लागला होता. आणि तू पलंगावरून, छताकडे बघत म्हणालास, "इंदे, सायबांचं बरोबर हाय. पावसात गूळ वजनाला भरतो, ठाऊक हाय की न्हाय? तसलं हाय हे."

रिक्षात बसलो. मग सुटले. म्हटलं, तुला ठाऊक होतं?

"व्हय."

"कधीपासून?"

"काट्यावर बसायच्या आधीच. सकाळी चप्पल चढंना, तवाच दाबून बघितलं. ओला रवा असाच दबतो."

"मग बोलला का नाहीस? मी पेढे वाटत होते तिथं! सगळ्या पेठेत माझं हसं केलंस!"

"पेढे वाटत हुतीस म्हणूनच न्हाय बोललो," म्हणालास. आणि बाहेर बघायला लागलास.

मी इतकी चिडले होते की त्या वाक्याकडे माझं लक्षच गेलं नाही. मी म्हटलं, तू आधीच हात टेकलेस, तुला लढायचंच नाहीये, डॉक्टर म्हणतात थांबा की तू लगेच तयार, मी एवढी राबते त्याची किंमत नाही. रिक्षावाला आरशातून बघत होता. तू एवढंच विचारलंस, "इंदे, हे औषध चाललंय कुणाला? मला का तुला?"

त्यानंतर दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, गोळी ठेवायची, सगळं मुक्यानं. तिसऱ्या दिवशी तूच आलास स्वयंपाकघरात, भिंतीला धरत धरत. म्हणालास, "कधी जायचंय पुढच्या औषधाला?" मी तारीख सांगितली. "जाऊ की," म्हणालास. संपलं. तू गेलास, घेतलंस, कमी मापाचं. आणि पुन्हा गेलास. पुढं डॉक्टरांनीच एक दिवस आपणहून सांगितलं, आता औषध नको, घरी आरामात ठेवा.

तू ते कुणासाठी घेतलंस, हे मी विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस. निपाणीच्या पाहुण्याच्या वेळी होतं तसं 'दोन्हीसाठी' असतं तर चाललं असतं. पण या खेपेला उत्तर तेच आलं असतं असं मला वाटत नाही, म्हणून विचारायचा धीर झाला नाही.

तुझ्या त्या रिक्षातल्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला तेव्हाच ठाऊक होतं. औषध मलाच चाललं होतं, अण्णा. मला भीती वाटत होती. शाळेत चाळीस पोरींना एका नजरेत गप्प बसवणारी बाई मी, पण संध्याकाळी दार उघडून आत आल्यावर "आलीस व्हय गं?" असं कुणी म्हणणार नाही, या एका गोष्टीला मी भ्यायची. हे मी तुला एकदाही बोलले नाही. आंबील घे म्हणाले, गोळी घे म्हणाले, उठून बस म्हणाले. मला एकटीला राहायची भीती वाटते, एवढं साधं वाक्य, आणि मराठीच्या बाईला ते जमलं नाही. आता लिहिते आहे. वाच.

शेवटच्या महिन्यात आपण भांडलो नाही. मला ते अजिबात आवडलं नाही. पाय दाबून दिले की तू "बरं वाटतंय" म्हणायचास, एवढा गरीब झाला होतास. एकदा म्हादूनं गोदामातला जुना गूळ आणून दिला होता. तू खडा हातात धरलास, वास घेतलास, काही कळेना. माझ्याकडे दिलास. "तू खा आणि मला सांग. कसा हाय?" मी जिभेवर ठेवला. म्हटलं, गोड आहे. तू वैतागलास, कितीतरी दिवसांनी अगदी पहिल्यासारखा. "गोड हाय! गूळ गोड हाय म्हणं! अगं, आधी काय लागलं, मागून काय आलं? जीभ टाळ्याला लाव. गिळू नको. थांब. थांबायला शिक." मी थांबले. डोळे मिटून बसले. तू माझ्या तोंडाकडे बघत होतास, आणि मला काही कळत नव्हतं. पण तू रोज बोलावून घ्यायला लागलास. म्हादू रोज वेगळा खडा आणायचा, मी चाखायची, तू विचारायचास. आधी काय? मागून काय? खरखर हाय का? करपट लागतंय का? मला वाटायचं, जीभ गेली म्हणून माझ्या जिभेनं चव घेतोय. घेऊ दे. तेवढीच करमणूक.

आपल्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवून नेतात. भस्म लावून, तळहातावर इष्टलिंग ठेवून तुला खुर्चीत बसवलं, हार घातले. पाण्याची सूज शेवटी उतरली होती. मग जे उरलं होतं ते मी पाहिलं. आपलं बारदान गेलं की माणूस केवढासा असतो रे! म्हादूनं पुढून खांदा दिला. उचलताना त्याचं तोंड बघितलं मी. जन्मभर वजनं पुकारलेला माणूस, खांद्यावर घेतल्याबरोबर त्याला आकडा कळला असणार. त्यानं तो कुणाला सांगितला नाही. मीही विचारलं नाही.

काल पाडवा झाला. संध्याकाळी कडी वाजली. म्हादू होता. आत येईना, उंबऱ्यातच उभा राहिला. म्हणाला, "अक्का, सौदं निघालं. पयला खडा मालकांच्या घरात यायचा, म्हणून आणला." कागदाची पुडी माझ्या हातावर ठेवली. मी म्हटलं, कुठला आहे? तो म्हणाला, "ते मी सांगायचं नसतंय न्हवं?" आणि गेला.

मी दार लावलं. तुझ्या खुर्चीसमोर बसले. खडा जिभेवर ठेवला, जीभ टाळ्याला लावली. गिळला नाही. थांबले. आधी गोड लागलं. मग नुसतंच गोड. मी आणखी थांबले, तू सांगितलंस तशी. आणि अण्णा, मागून मीठ आलं. बारीकसं, जिभेच्या कडेला. आलं, खरंच आलं.

"शिरोळ," मी मोठ्यानं म्हणाले.

आणि तू बरोबर का चूक सांगशील म्हणून, गूळ पुरता विरघळेपर्यंत बसून राहिले.